अकरा वर्षांचा उद्योगपती आणि दुसऱ्यांदा वाचलेली एक कादंबरी

पोस्ट बरीच मोठी झाली आहे, तेव्हा चहाचा कप घेऊनच बसा.

मी सीए आहे, इथे टॅक्सची कामं करते. त्यामुळे ओळखीतल्या आईबाबांकडून एक प्रश्न वर्षातून निदान दहा वेळा येतो: मुलांना पैशाचं शिक्षण कधीपासून द्यावं? कस्टोडियल अकाउंट कितव्या वर्षी उघडावं, पहिला शेअर कोणता घेऊन द्यावा, शाळेतल्या स्टॉक मार्केट गेममध्ये भाग घेऊ द्यावा का, वगैरे वगैरे. उत्तरं मी देतेच. पण हल्ली उत्तराच्या शेवटी एका कादंबरीचं नाव जोडते आणि समोरचा माणूस जरा गोंधळतो. आज त्या कादंबरीबद्दलच लिहायचं आहे.

नाव 'जे आर'. लेखक विल्यम गॅडिस, अमेरिकन. १९७५ साली आली, ७२६ पानं, आणि १९७६चं नॅशनल बुक अवॉर्ड तिला मिळालं. कथा थोडक्यात अशी: लाँग आयलंडवरच्या एका शाळेतला सहावीचा, अकरा वर्षांचा मुलगा शाळेतल्या टेलिफोनवरून एक प्रचंड उद्योगसमूह उभा करतो आणि तो कोसळतो. ऐकायला बालनाट्य वाटतं ना? वाचायला घेतली की घाम फुटतो.

माझ्याकडे हे पुस्तक आलं ते एका क्लायंटमुळे. निवृत्त संगीतशिक्षक, सगळं आयुष्य शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवण्यात गेलेलं. २०२२च्या टॅक्स सीझनमध्ये रिटर्नवर सही करता करता म्हणाले, तुमच्या धंद्यावरची सगळ्यात चांगली कादंबरी एका संगीतशिक्षकाची गोष्ट आहे, माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. १५ एप्रिल उलटल्यावर लायब्ररीतून आणली.

आता, अवघड पुस्तकांची मला भीती नाही. 'कोसला' कॉलेजात वाचली होती, 'हिंदू' इथे आल्यावर, श्याम मनोहरांची पुस्तकं तर दोन-दोनदा. पण हे प्रकरणच निराळं. मुळात 'प्रकरण' नाहीच, एकही नाही. अवतरणचिन्हं नाहीत, कुणी बोलायला लागलं की आधी नुसती आडवी रेघ. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' जवळजवळ नाहीच. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना रिकामी ओळसुद्धा सोडलेली नाही. एखादं पात्र गाडीत बसून निघतं, आपण त्याच्या मागे मागे जातो आणि अचानक दुसऱ्याच खोलीत दुसरीच माणसं भांडत असतात. माणसं वाक्यं अर्धी टाकतात, एकमेकांना तोडतात, फोनवर बोलतात तेव्हा आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं. आणि हे सातशे पानं.

साठेक पानांपर्यंत मी रेटलं. मग मला आठवली श्रुतिका. लहानपणी आमच्याकडे रेडिओवर श्रुतिका लागायच्या. तिथे तरी कोण सांगत होतं, आता काका बोलले, आता वकील बोलले? आवाजावरून कळायचं. खोकल्यावरून, 'काय समजलात' अशा पालुपदावरून. मी पुस्तक मोठ्याने वाचायला लागले आणि दोन दिवसांत माणसं वेगवेगळी ऐकू यायला लागली. गॅडिसने प्रत्येकाला बोलण्याची स्वतःची लकब दिली आहे. शाळेचे मुख्याध्यापक व्हाइटबॅक एकही वाक्य धड पुरं करत नाहीत, सरकारी परिपत्रक तोंडात घोळवत राहतात. गिब्ज नावाचे शिक्षक हुशार, कडवट आणि शिवराळ. बॅस्ट घराण्यातल्या दोन म्हाताऱ्या बहिणी एका प्रश्नाच्या उत्तरात पन्नास वर्षांचा इतिहास सांगतात. आणि मुलगा, जे आर, तो दर वाक्याला 'हे' अशी हाक मारतो, कारण त्याला सतत शंका असते की समोरचा ऐकत नाहीये. ही शेवटची गोष्ट मला दुसऱ्या वाचनात कळली, पण त्याकडे येते.

पहिल्या वाचनात मी काय केलं, तर जे माझ्या हाताला वळण आहे ते. पैशाचा माग काढला. शेजारी एक्सेल शीट उघडं ठेवलं: कंपनीचं नाव, कशातून पैसा आला, काय तारण ठेवलं, त्यातून पुढे काय घेतलं. आर्टिकलशिपमध्ये आमचे सर सांगायचे की ऑडिट म्हणजे कागदामागचा माल शोधणं. इथे गंमत अशी की कागदामागे कागद, त्यामागे आणखी कागद.

सुरुवात होते वर्गाच्या सहलीपासून. जुबेर नावाच्या बाई मुलांना वॉल स्ट्रीटवर नेतात आणि वर्गणीच्या पैशांतून एका कंपनीचा एक शेअर घेऊन देतात. अमेरिकेत आपली भागीदारी म्हणजे काय हे मुलांना कळावं, हा हेतू. सगळी मुलं ते विसरतात. जे आर विसरत नाही. तो टपालाने फुकट मिळणारी पत्रकं मागवतो, जाहिराती वाचतो, शाळेत टेलिफोन बूथ बसवून घेतो, आणि आवाज लहान मुलाचा वाटू नये म्हणून रिसीव्हरवर रुमाल धरून बोलतो. नौदलाने सरप्लस म्हणून काढलेले पिकनिकचे काटे विकत घेतो आणि लष्कराला विकतो. त्या पैशातून एका डबघाईच्या कापडगिरणीचे बुडीत रोखे. रोख्यांतून गिरणीवर ताबा. गिरणीतून कामगारांचा पेन्शन फंड हाताशी. त्यातून दारूची भट्टी, छापखाना, नर्सिंग होम, आणि नर्सिंग होमला जोडून अंत्यसंस्कारांचा धंदा. म्हणजे गिऱ्हाईक बाहेर जायलाच नको!

सीए मंडळींसाठी सांगते, तोट्यातल्या कंपन्या तो मुद्दाम घेतो, कारण तो तोटा टॅक्समध्ये कामाला येतो. कॅरी फॉरवर्ड, घसारा, तारणावर तारण, सगळं आहे, आणि गॅडिसला ते नीट कळलेलं आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत काँग्लोमरेटची लाट होती. आयटीटी, गल्फ अँड वेस्टर्न, लिंग-टेम्को-वॉट यांच्यासारख्या कंपन्या एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले धंदे उधारीवर गिळत होत्या. गॅडिसने तेच एका शाळकरी पोराला करायला लावलं. मला वाचताना १९९२ आठवलं. मी तेव्हा शाळेत होते आणि घरोघरी हर्षद मेहता हा एकच विषय. पुढे अभ्यासात कळलं की त्यातल्या कित्येक बँक रिसीटच्या मागे रोखेच नव्हते. कागद या बँकेतून त्या बँकेत फिरत होता, आणि जोवर फिरत होता तोवर सगळे श्रीमंत होते. जे आरचं साम्राज्य हुबेहूब तसंच चालतं आणि तसंच पडतं.

मुलगा एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा बोलतो: कायद्यात बसतं, सगळे असंच करतात, मी नियम बनवले नाहीत. हे मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी शहाण्या, सभ्य माणसांकडून ऐकलेलं आहे. त्यांच्या तोंडी ते व्यवहारज्ञान वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ऐकलं की पोटात खड्डा पडतो.

पाच महिन्यांनी पुस्तक संपलं तेव्हा माझं शीट पूर्ण होतं. कुठली कंपनी कुठल्या कंपनीच्या पोटात गेली, सगळं. मी खूश. लायब्ररीत पुस्तक परत केलं आणि स्वतःची प्रत विकत घेऊन ठेवली.

मधल्या काळात या गॅडिसबद्दल वाचत गेले. माणूस १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आईवडील तो तीन वर्षांचा असतानाच वेगळे झाले, वाढवलं आईने, आणि पाचव्या वर्षीच बोर्डिंग शाळेत गेला. पहिली कादंबरी 'द रेकग्निशन्स' १९५५ साली आली, साडेनऊशेहून अधिक पानांची, नकली चित्रं काढणाऱ्या चित्रकाराची गोष्ट. परीक्षणकर्त्यांनी तिची वाट लावली. जॅक ग्रीन या टोपणनावाच्या एका वाचकाला त्याचा इतका राग आला की १९६२ साली त्याने स्वखर्चाने पत्रकं छापली आणि पन्नासहून अधिक परीक्षणं तपासून दाखवलं की कुणी पुस्तक पुरतं वाचलेलंच नाही, कुणी वेष्टनावरचा मजकूर उतरवला आहे, कुणी दुसऱ्याच्या परीक्षणातून उचललं आहे. वह्या न उघडताच ऑडिट रिपोर्टवर सही! मला हा ग्रीन फार आवडला.

गॅडिसचं मात्र पोट भरायचं होतं, संसार होता. पुढची वीस वर्षं तो नोकऱ्या करत राहिला. फायझर या औषध कंपनीत जनसंपर्काचं काम, लष्करासाठी फिल्मच्या संहिता, मोठ्या कंपन्यांच्या साहेबांची भाषणं. म्हणजे 'जे आर'मधली ती पोकळ, गोल गोल कंपनीभाषा त्याने दिवसा पगारासाठी लिहिली आणि उरलेल्या वेळात कादंबरीसाठी. दोन पुस्तकांत वीस वर्षांचं अंतर पडलं ते असं. नोकरी, मुलं आणि स्वतःचं एखादं काम यांची रोजची ओढाताण करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता दुसरं वाचन.

गेल्या वर्षी माझा लेक अकरा वर्षांचा झाला, सहावीत गेला. जे आरच्या वयाचा. त्या आधीच्या गणपतीतली एक गोष्ट सांगते. मंडळात आरतीचं तबक फिरत होतं. त्याने पाच डॉलर टाकले आणि तबक धरलेल्या काकांना विचारलं, "काका, याची पावती मिळते का?" हशा पिकला. "सीएचा मुलगा शोभतो हो," असं कुणीतरी म्हणालं, मीही हसले. पावतीचं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी घरून काम करते, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, कानाला फोन, आणि क्लायंटला दहादा तेच सांगत असते: देणगीची पावती आहे का, पावती शोधा. तो शेजारी बसून गृहपाठ करत असतो. तो ऐकत होता. त्याचा प्रश्न बरोबरही होता, पण त्या प्रश्नामुळे मला जे आर आठवला आणि मी पुस्तक परत काढलं.

या वेळी शीट उघडलं नाही. पैसा कुठून कुठे जातो ते ठाऊक होतं, त्यामुळे कान मोकळे होते. आमच्या धंद्यात ट्रायल बॅलन्स जुळला की नवशिक्याला वाटतं काम झालं. जाणता माणूस त्यानंतर व्हाउचर हातात घ्यायला सुरुवात करतो. तसं काहीसं झालं. मोठ्या घडामोडींखाली ज्या बारक्या नोंदी होत्या त्या दिसायला लागल्या.

पहिली नोंद: मुलाची आई. ती नर्स आहे, तिच्या ड्यूटीच्या वेळा विचित्र आहेत, हे मुलगा स्वतःच जाता जाता सांगतो. बस. सातशे पानांत ती समोर येत नाही. वडिलांचा तर पत्ताच नाही. जे आर हे नाव म्हणजे 'ज्युनियर'चं लघुरूप वाटतं, पण तो ज्युनियर कुणाचा, हे कुणी विचारतही नाही. दुसरी नोंद: त्याचे कपडे. लाखोंच्या उलाढाली करणारा हा पोरगा उसवलेल्या स्वेटरमध्ये आणि फाटक्या स्नीकर्समध्ये फिरतो. पैसा त्याला कशासाठीही नको आहे. खेळाचे नियम कळले आहेत आणि त्या नियमांनी खेळलं की मोठी माणसं फोन उचलतात, एवढंच.

इथे एक स्पष्ट सांगते, कारण आपल्या मंडळींना अपराधी वाटून घ्यायची भारी हौस. ही नोकरी करणाऱ्या आईवर रचलेली गोष्ट नाही. त्या बाई रात्रपाळ्या करून घर चालवतात, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. गॅडिस बोट दाखवतो ते अख्ख्या गावाकडे. मुख्याध्यापक व्हाइटबॅक हेच गावातल्या बँकेचेही अध्यक्ष आहेत, यातच सगळं आलं. शाळेत वर्ग टीव्हीवरून शिकवले जातात. मोठी माणसं एकाच खोलीत एकाच वेळी बोलत असतात, मुलं दारातून ये-जा करतात, आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. पहिल्या वाचनात ज्या गोंगाटाने मी वैतागले होते, तो गोंगाट म्हणजेच त्या मुलाचं बालपण आहे. लेखक 'तो म्हणाला' असं सांगत नाही, कारण त्या मुलालाही कुणी काही समजावून सांगत नाही. तो त्या गडबडीतून कानावर पडेल ते वेचतो. आणि कानावर सारखा एकच विषय पडत असतो. कादंबरीचा पहिला शब्दच मुळी 'पैसा' आहे.

त्याच्याकडे लक्ष देणारी माणसं अख्ख्या पुस्तकात दोनच. एक त्या जुबेर बाई. एका संध्याकाळी त्या त्याला म्हणतात, वर आभाळाकडे बघ, प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी लक्षाधीश असलाच पाहिजे का? त्यांना उगवता चंद्र दाखवायचा असतो. पुष्कळ पुढे, हा प्रसंग सांगताना मुलगा म्हणतो की त्या दाखवत होत्या तो चंद्र नव्हताच, आइसक्रीमच्या दुकानावरचा गोळा होता, आणि त्याच्यामागे लक्षाधीश असणारच! आपल्याला हसू येतं, आणि मग येत नाही. बाईंचा मुद्दा चुकीचा नव्हता आणि पोराचे डोळेही चुकीचे नव्हते.

दुसरा माणूस म्हणजे तो संगीतशिक्षक, एडवर्ड बॅस्ट. तरुण, गरीब, मोठी संगीतरचना करण्याची स्वप्नं. शाळेत तो मुलांकडून वाग्नरच्या ऱ्हाइनगोल्डची तालीम करून घेतो, त्यात जे आर अल्बेरिख आहे: सोन्यासाठी प्रेमावर पाणी सोडणारा बुटका. पुढे पैशाच्या अडचणीपायी बॅस्ट या पोराचाच प्रतिनिधी होतो, त्याच्या वतीने सुटाबुटातल्या लोकांना भेटत फिरतो. न्यूयॉर्कमधल्या ज्या खोलीत बसून त्याला काम करायचं असतं ती खोक्यांनी भरते, नळ बंद होत नाही, खोक्यांखाली कुठेतरी रेडिओ गाडला गेलाय तो अखंड बोलतोय. त्याचं स्वप्नही आकसत जातं. सुरुवातीला ऑपेरा, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि शेवटी एकट्या चेलोसाठी लिहिलेली छोटीशी रचना.

एका प्रसंगात बॅस्ट मुलाला बाखचं संगीत ऐकवतो. ऐक, म्हणतो, आणि काय ऐकू आलं ते सांग. मुलगा ऐकतो आणि प्रामाणिकपणे सांगतो. त्याला त्या दैवी स्वरांत शाळेतल्या पोरांच्या शिवीसारखं काहीतरी ऐकू आलेलं असतं. बॅस्ट भडकतो. पहिल्यांदा वाचताना मी बॅस्टच्या बाजूने होते: इतकं सुंदर काही ऐकवावं आणि कार्ट्याने असं म्हणावं! दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. अख्ख्या कादंबरीत एकदाच त्या मुलाला कुणीतरी विचारलं होतं, तुला काय ऐकू आलं? त्याने खरं उत्तर दिलं. आणि ते उत्तर नापास झालं.

मग सगळं कोसळतं. बॅस्ट आजारी पडून हॉस्पिटलात जातो, तिथून बाहेर पडताना कचऱ्यात टाकलेले आपले संगीताचे कागद परत उचलून घेतो, आणि ती या पुस्तकातली सगळ्यात मोठी आशा आहे. जे आर मात्र शेवटच्या पानावरही फोनवर बोलतोच आहे. नवी योजना, नवा बेत. पलीकडे कुणी कानाला रिसीव्हर लावलेला नाही. म्हणून तर त्याच्या प्रत्येक वाक्यात ती हाक.

यातून मी काही धडा-बिडा काढून घराचे नियम बदलले, असं नाही. टॅक्स सीझन आहे तिथेच आहे, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरच आहे. आणि आपल्या घरात आपण बोलतो ते विषयही खोटे नाहीत. घराचा हप्ता, आरएसयू, ग्रीन कार्ड, कॉलेजची फी, इकडे किती मिळतं आणि तिकडे फ्लॅट केवढ्याला गेला. परक्या देशात आलेल्या माणसाला पैशाचा हिशोब ठेवावाच लागतो. पण मुलाला दुसरं काही ऐकवायचं, तर नुसतं ऐकवून भागत नाही, त्याला काय ऐकू आलं तेही ऐकावं लागतं, आणि आपल्याला हवं ते उत्तर नाही आलं तरी दम धरावा लागतो. हे मला या पुस्तकाने सांगितलं, असं म्हणता येईल.

मध्यंतरी गाडीत भीमसेन जोशींचे अभंग लावले होते. एरवी मी लगेच विठ्ठल कोण, वारी काय, राग कोणता, असा क्लास घेते. त्या दिवशी नुसतं विचारलं, तुला काय ऐकू येतंय? लेक जरा वेळाने म्हणाला, "ते आजोबा वरच्या मजल्यावरच्या कुणाशी तरी भांडतायत." जीभ चावून मी पुढे विचारलं, कोण जिंकतंय? तो म्हणाला, "माहीत नाही, पण त्यांना भांडण संपायला नकोय." मंडळी, तुकोबांबद्दल याहून बरं मी तरी काय सांगणार होते?

आता ज्यांना वाचायची असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

एक, ही मुलांना द्यायची कादंबरी नाही. नायक अकरा वर्षांचा असला तरी भाषा आणि प्रसंग मोठ्यांचे आहेत, शिव्या भरपूर.

दोन, सुरुवातीच्या पानांत त्या दोन बहिणी आणि वकील यांच्या बोलण्यात अडकून पडू नका. वकिलाला वारसाहक्काच्या कागदासाठी त्यांच्या पुतण्याची सही हवी आहे आणि बहिणी त्याला घराण्याचा इतिहास ऐकवतायत, एवढं धरून पुढे चला. पुतण्या म्हणजे आपला बॅस्ट.

तीन, मोठ्याने वाचा. जमलं तर दोघांनी मिळून. नाहीतर ऑडिओबुक आहे, ते ड्राइव्ह करताना ऐका आणि घरी येऊन तीच पानं वाचा. प्रत्येकाची बोलण्याची लकब एकदा सापडली की निम्मी लढाई जिंकली.

चार, सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट सोडा. जोनाथन फ्रॅन्झनसारखा मोठा लेखक. २००२ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये गॅडिसच्या अवघडपणावर लांबलचक लेख लिहिला आणि त्यात कबूल केलं की 'जे आर' त्याने अर्ध्यात सोडली. तेव्हा तुम्ही सोडलीत तरी चांगल्या संगतीत असाल.

पाच, सातशे पानांचा धसका वाटत असेल तर गॅडिसच्या 'कार्पेंटर्स गॉथिक'पासून सुरुवात करा. १९८५ची, तीनशे पानांच्या आत, एकाच घरात घडणारी. आणि वकील मंडळींनी १९९४ची 'अ फ्रॉलिक ऑफ हिज ओन' वाचावी. त्यातला गृहस्थ स्वतःच्याच गाडीखाली येतो आणि नुकसानभरपाईचा दावा लावतो. तिलाही नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. गॅडिस १९९८ साली गेला. 'द रेकग्निशन्स' आणि 'जे आर' या दोन्हींच्या नव्या आवृत्त्या २०२०मध्ये निघाल्यात, त्यामुळे लायब्ररीत मिळायला अडचण येऊ नये.

एप्रिलनंतर तिसऱ्यांदा वाचायचा विचार आहे, या वेळी एकटीने नाही. दर रविवारी तासभर, झूमवर, माणसं वाटून घेऊन, श्रुतिकेसारखी. चार-पाच जण जमलो तरी पुरे. दोन म्हाताऱ्या बहिणींसाठी गप्पिष्ट मैत्रिणी हव्या आहेत. व्हाइटबॅकसाठी मीटिंगमध्ये अर्धी वाक्यं बोलणारा कुणीतरी मॅनेजर, तो तर प्रत्येक घरात आहे. गिब्ज मी घेणार नाही, त्याच्या शिव्या मुलं झोपल्यावरच वाचाव्या लागतील. कुणाकुणाला यायचं आहे ते खाली लिहा.